चढणीवर मोटार कां अडखळते?

सपाट रस्त्यावर सुरळीत धांवणारी मोटार घाटाच्या चढणीस लागतांच गचके खाऊं लागते, हा अनुभव पुष्कळांस आहे. मागून भरलेली मालमोटार येत असली म्हणजे हा प्रसंग जिवावरचा होतो. म्हणून या दोषाचें मूळ कसें शोधावें, तें आम्हीं येथें थोडक्यांत सांगतों.

इ. स. १८७६ त निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थानें चार टप्प्यांचें एंजिन सिद्ध केलें. पेट्रोलच्या मोटारी आजही बहुतेक त्याच तत्त्वावर चालतात. एंजिनास हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी या तीन गोष्टी लागतात. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १५ भाग हवा लागते. पूर्ण भार असतां मात्र हवा १२-१३ भागच ठेवावी लागते. सपाटीवर एंजिन आपल्या शक्तीचा थोडाच अंश खर्च करतें, म्हणून लहानसहान उणीव झांकून जाते. चढणीवर ती उघडी पडते.

आतां लक्षणें पाहूं. पाय दाबतांच एंजिन क्षणभर दबलें व लगेच सांवरलें, तर कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडींत जादा पेट्रोल सोडणारा लहान पंप तपासावा. शक्ति हळूहळू मावळली व पाय सैल करतांच परतली, तर पेट्रोल पुरत नाहीं. गाळणी तुंबलेली किंवा पंप दुबळा असावा. गचके तीव्र व अनियमित असल्यास संशय ठिणगीवर घ्यावा. भारानें सिलिंडरांतील दाब वाढतो, व दाटलेल्या वायूंतून ठिणगी उडण्यास विजेचा जोर अधिक लागतो; म्हणून झिजलेला प्लग सपाटीवर काम देतो आणि घाटांत दगा देतो.

थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. काजळी बहुधा पेट्रोल अधिक झाल्याची, आणि पांढरेपणा तें उणें पडल्याची खूण होय. नव्या गाड्यांतील संगणक दोषाचा सांकेतिक अंक नोंदवितो. परंतु त्यावरून दिशा कळते, खरा दोष तपासूनच ठरवावा लागतो.

एका वेळीं एकच भाग बदलावा. नाहीं तर दोष गेला तरी कारण कळत नाहीं व पैसा व्यर्थ जातो. पेट्रोल सांडलें असतां ठिणगीची परीक्षा कदापि करूं नये. घाटांत थांबावें लागल्यास गाडी कडेस घेऊन चाकामागें दगड लावावा, आणि निघतांना तो आठवणीनें रस्त्याबाहेर टाकावा. कारण मागून येणाऱ्याचा जीवही आपल्याइतकाच मोलाचा आहे.