श्रम मोजावे कशाने?

वडोद्यातील मराठी घरांत व्यायामाचा विषय निघाला, की प्रा. माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाममंदिर यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. आखाड्यातील श्रमाचे माप सोपे : अंग घामाने निथळले, श्वास तोंडाने घ्यावा लागला, की थांबावे. यांपैकी श्वासाची खूण सुश्रुतसंहितेतही सांगितली आहे. पुढे नाडीची जोड मिळाली. विशीतल्या तरुणाचे ठोके मिनिटास २०० पर्यंत चढतात, त्या मानाने शिक्षक मेहनत ठरवितो.

चाकांच्या खुर्चीवरील खेळाडूपाशी ही मापे लंगडी पडतात. आणि सर्वांच्या बाबतीत सारखी पडत नाहीत, ही खरी अडचण.

मेहसाणा जिल्ह्यातील भाविना पटेल यांना वर्षाच्या असतानाच पोलिओ झाला. २०२१ मध्ये टोकियोत त्यांनी टेबल टेनिसचे रौप्यपदक मिळविले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. व्यंग वरवर एकच दिसते. आतील कथा निराळी. पोलिओ स्नायू हलविणाऱ्या मज्जापेशींचा नाश करतो. हृदयाचा वेग वाढविणाऱ्या नसा सहसा शाबूत राहतात. पाय कापावा लागलेल्याचेही तसेच. कण्यास इजा झाली असेल, तर मात्र ती कोठे, यावर सारे अवलंबून. हृदयाला चेतविणाऱ्या नसा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूतून बाहेर पडतात. इजा कमरेपाशी असेल, तर नाडी इतरांसारखीच धावते. ती मानेत असेल, तर मेंदूचा निरोप त्या नसांपर्यंत पोचत नाही, आणि जिवाच्या आकांताने चाके फिरविली तरी नाडी बहुधा ११० ते १३० वर अडते. अशा मुलास “नाडी चढली नाही, आणखी दोन फेऱ्या मार” असे सांगणारा शिक्षक निर्दय नसतो. त्याच्या हातातील तक्ता दुसऱ्याच्या शरीराचा असतो.

घामाचीही तीच गत. इजेच्या खालच्या भागास घाम फुटत नाही, किंवा फार थोडा फुटतो. वैशाखात आपल्या शहराचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा असा खेळाडू आतून तापत जातो. कोरडे अंग पाहून भुलू नये; सावली आणि ओले फडके हाताशी हवे.

उरतो श्वास, आणि खेळाडूचा स्वतःचा शब्द. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ६ ते २० अशी श्रमाची श्रेणी बांधली : ६ म्हणजे स्वस्थ बसणे, २० म्हणजे शिकस्त. निरोगी तरुणात आकड्याच्या दसपट म्हणजे सुमारे नाडी, असा तिचा मेळ आहे. मानेच्या इजेत तो मोडतो. तरी सरावाने खेळाडू आपला आकडा बऱ्यापैकी नेमका सांगू लागतो. मात्र प्रश्न दोन विचारावेत. खुर्ची ढकलताना दम लागण्याआधी दंड भरून येतात. म्हणून हातांचा आकडा वेगळा, श्वासाचा वेगळा.

आपल्या शाळांत अशा मुलाच्या हाती गुण लिहिण्याची वही देऊन त्याला कडेला बसवितात. वही राहू द्यावी. पण तीत त्याच्याच फेऱ्या, वेळ आणि हे दोन आकडे असावेत. तुलना शेजाऱ्याशी नको. महिन्यापूर्वी १५ वाटलेली फेरी तेवढ्याच वेळात आज १२ वाटली, तर ती त्याची प्रगती.