क्रमांक एकची गादी

लिनक्सवर चालणारं कोणतंही यंत्र घ्या आणि चालू प्रोसेसची यादी मागवा. भराभर नावं येतील, रोज वेगळी, क्रमांकही रोज वेगळे. फक्त क्रमांक एक ठरलेला: इनिट. यंत्र सुरू झालं की कर्नल आधी स्वतःचं बस्तान बसवतं, डिस्क जोडून घेतं आणि मग आपल्या हाताने एकच प्रोग्रॅम चालू करतं. लॉगिनची खिडकी, नेटवर्क, ब्राउझर, गाणी वाजवणारा प्लेअर ही सगळी पुढे त्याची मुलं, नातवंडं, पतवंडं.

या पहिल्या प्रोसेसचा थाट बघण्यासारखा आहे. 'किल'चा नऊ नंबरचा सिग्नल भल्याभल्यांना जागच्या जागी संपवतो, पण क्रमांक एकला तो पाठवून बघा. काहीही होत नाही, कारण कर्नल तो तिच्यापर्यंत पोचूच देत नाही. एखाद्या प्रोसेसला जन्म देणारी प्रोसेस आधी संपली, तर ते पोरकं लेकरू सहसा इनिटच्याच पदरात पडतं. आणि इनिट स्वतः कोसळलं तर कर्नल घाबरगुंडी जाहीर करून सगळंच थांबवतं. 'पॅनिक' हाच त्याचा अधिकृत शब्द आहे.

एवढं सगळं असूनही त्या गादीवर कोण बसावं याचं कर्नलला सोयरसुतक नाही! बूट होताना एखाद्या प्रोग्रॅमचं नाव सांगितलं तर तो, नाहीतर ठरलेल्या चार जागी एकामागून एक शोध. त्यातली चौथी जागा म्हणजे साधं शेल. म्हणजे काहीच सापडलं नाही, तर आज्ञा टाइप करायची रिकामी ओळसुद्धा राज्य चालवायला पुरते.

बहुतेकांना या निवडीशी कधी गाठ पडत नाही. उबुंटू किंवा फेडोरा घेतलं की सिस्टमडी हे इनिट आलंच. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 2010 मध्ये ते पुढे आणलं, 2011 मध्ये फेडोराने स्वीकारलं आणि 2014 मध्ये डेबियनमध्ये त्यावरून एवढं रण माजलं की काहींनी वेगळी चूल मांडून देवुआन काढलं. जेंटूमध्ये मात्र हा प्रश्न मिटवून न टाकता वापरणाऱ्याच्या हाती दिला आहे. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेली, 2002 मध्ये 1.0 आवृत्ती आलेली ही प्रणाली मुळातच हट्टी माणसांसाठी आहे. इथे प्रोग्रॅम प्रामुख्याने सोर्स कोडच्या रूपात येतात आणि तुमच्याच यंत्रावर कंपाइल होतात. इथली नेहमीची इनिट व्यवस्था ओपनआरसी. हवं तर सिस्टमडी.

दोघांची घडण अगदी वेगळी. ओपनआरसीची सर्व्हिस म्हणजे शेलची छोटीशी स्क्रिप्ट: मला नेटवर्क लागतं, मी अमुकनंतर सुरू होईन, सुरू करायचं ते असं. पहिल्या क्रमांकावर ते स्वतः बहुधा बसतही नाही. तिथे सहसा जुनं, आटोपशीर सिसव्हीइनिट असतं आणि ओपनआरसी त्याच्या हाताखाली कामं हाकतं. सिस्टमडी स्वतः गादीवर बसतं. त्याला स्क्रिप्ट नको, नुसतं वर्णन हवं. शिवाय प्रत्येक सर्व्हिसला ते कर्नलच्या सीग्रुप नावाच्या कुंपणात ठेवतं, त्यामुळे दोनदा फोर्क करून आईबापांपासून निसटायची डीमनांची, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमांची, जुनी युक्ती तिथे चालत नाही. मला स्वतःला ओपनआरसीची स्क्रिप्ट वाचायला जास्त आवडते, पण हे कुंपण बिनतोड आहे हे कबूल.

आणि गंमत म्हणजे सर्व्हिस 'चालू करून ठेवणं' दोन्हीकडे एकच गोष्ट आहे. एका ठरावीक फोल्डरमध्ये एक सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी खूण. बस्स. बूट होताना इनिट त्या फोल्डरमध्ये डोकावतं आणि जे दिसेल ते उठवतं. जेंटूचा पायंडा असा की पॅकेज बसवताना दोन्ही प्रकारच्या फायली डिस्कवर टाकायच्या. एसएसएचची ओपनआरसी स्क्रिप्ट आणि तिची सिस्टमडी युनिट फाइल एकाच यंत्रावर सुखाने नांदतात. एकीला कोणी विचारत नाही इतकंच.

मग ओपनआरसीवरून सिस्टमडीवर जायचं म्हणजे नक्की काय? कर्नलमध्ये सिस्टमडीला लागणारे पर्याय आहेत ना ते बघायचं. जेंटूच्या ईसिलेक्ट या आज्ञेने प्रोफाइल बदलायचं, म्हणजे नावात सिस्टमडी असलेलं निवडायचं. मग सगळ्या प्रणालीसाठी ईमर्ज ही पॅकेज बसवणारी आज्ञा चालवायची. खरी नवलाई इथे आहे. प्रोफाइल बदललं की 'सिस्टमडी' हा यूज फ्लॅग चालू होतो आणि ज्या ज्या पॅकेजला तो लागू आहे ते नव्याने कंपाइल होतं: डीबस, पोलकिट, नेटवर्कमॅनेजर. सोर्स कोडमध्ये जिथे 'सिस्टमडी असेल तर' अशी अट आहे, तिथला आजवर गाळला गेलेला भाग आता प्रोग्रॅममध्ये उतरतो. राजा बदलणार म्हणून प्रजेची हाडंच नव्याने घडवली जातात, आणि पडद्यावर ती घडताना ओळीओळीने दिसतात. तयार बायनरी देणाऱ्या प्रणालीत ही निवड दुसऱ्याच कोणीतरी आधी करून टाकलेली असते.

आता एक शंका. हे सगळं चालू यंत्रावर होतंय, जुनं इनिट तर अजून राज्य करतंय. त्याची फाइल डिस्कवरून काढून तिच्या जागी दुसरी ठेवली तर? काही बिघडत नाही. युनिक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी ती वापरणारी प्रोसेस जिवंत असेपर्यंत आतला मजकूर कर्नल जपून ठेवतं. अशा वेळी 'प्रॉक'मधल्या क्रमांक एकच्या फोल्डरमध्ये तिच्या मूळ फाइलचा पत्ता बघितला, तर नावापुढे 'डिलीटेड' असा शेरा दिसतो. खोडून टाकलेला प्रोग्रॅम गादीवर बसून कारभार हाकत असतो, पुढच्या रीबूटपर्यंत.

रीबूटनंतर कधीकधी नेटवर्क गायब झालेलं दिसतं. त्यात गूढ काही नाही: जुने सिमलिंक ओपनआरसीच्या फोल्डरमध्ये आहेत आणि नवं इनिट तिकडे बघतच नाही. प्रत्येक सर्व्हिस सिस्टमसीटीएलने नव्याने चालू करून ठेवावी लागते. लॉगही आता साध्या मजकुराऐवजी जर्नलच्या बायनरी फाइलमध्ये जातात. ते वाचायला जर्नलसीटीएल.

परतीची वाटही असते. ओपनआरसी काढून टाकलं नसेल तर बूटलोडरमधल्या एका ओळीने त्या दिवसापुरता जुना कारभार परत आणता येतो. मग सिस्टमडीसाठी घडवलेले प्रोग्रॅम गोंधळतील का? डेस्कटॉपवरची लॉगिनची व्यवस्था रुसू शकते, पण पुष्कळ डीमन शहाणे असतात. सिस्टमडी राज्यावर आहे का हे ओळखायची त्यांची रीत फार सोपी आहे. 'रन' फोल्डरच्या पोटात 'सिस्टमडी' आणि त्याच्या आत 'सिस्टम' असं फोल्डर आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर सिस्टमडीला निरोप धाडायचं काम सोडून देतात आणि आपल्या उद्योगाला लागतात.