दृश्य परिणाम, संगणकपटलावरील
संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांना पारदर्शकता, छाया वा लवचिक हालचाल देणारी योजना. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालींत हे कार्य संयोजक आज्ञावली करते. प्रत्येक खिडकीचे चित्र प्रथम स्मृतीत स्वतंत्रपणे तयार होते. नंतर आलेखिकी संस्कारकाच्या साहाय्याने ही चित्रे एकत्र करून पडद्यावर दाखविली जातात. नॉव्हेल कंपनीने २००६ मध्ये प्रसृत केलेली कॉम्पिझ ही या प्रकारातील प्रसिद्ध आज्ञावली होय.

स्थापनेपूर्वी आलेखिकी संस्कारकाची चालक आज्ञावली कार्यरत असावी लागते. त्यानंतर प्रणालीच्या भांडारातून कॉम्पिझ व तिची मांडणी-आज्ञावली घेऊन हवे ते परिणाम निवडतात. मूळ खिडकी-व्यवस्थापक काढून टाकू नये. पडदा कोरा राहिल्यास तो पुन्हा सुरू करता येतो. नव्या वेलँड पद्धतीत संयोजन अंगभूत असल्याने कॉम्पिझसाठी जुन्या एक्स पद्धतीचे सत्र निवडावे लागते.

या परिणामांसाठी यंत्राची बरीच शक्ती खर्च होते. मुरबाड तालुक्याला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील (जि. रायगड) एका खेड्याच्या शाळेत २००७ मध्ये मुलांना एक्सओ हे छोटे संगणक देण्यात आले. त्यांचा संस्कारक ४३३ मेगाहर्ट्‌झचा व स्मृती २५६ मेगाबाइट होती. त्रिमितीय आलेखिकीची सोय नव्हती. तरीही लिनक्सवर आधारलेली त्यांची साधी प्रणाली अध्ययनास पुरेशी होती. शहापूर, मुरबाड यांसारख्या ग्रामीण भागांतील शाळांना जुने संगणक वापरात ठेवावयाचे असल्यास हे परिणाम बंद करून एक्सएफसीईसारखे हलके कार्यपटल वापरणे इष्ट ठरते.