मौनाचा अर्थ : बोरघाटातील संकेत आणि दूरस्थ गटांचे कामकाज

परस्परांपासून दूर राहून, यंत्राच्या साहाय्याने एकच काम करणाऱ्या मंडळींस अलीकडे ‘आभासी गट’ असे नाव रूढ होऊ पाहत आहे. हे नाव फारसे समाधानकारक नाही. आभास म्हणजे जे नाही ते असल्यासारखे वाटणे. येथे तर गट खरा असतो, काम खरे असते आणि त्यातील चुकाही पुरेशा खऱ्या असतात. नसते ते केवळ सान्निध्य. म्हणून प्रस्तुत लेखात ‘दूरस्थ गट’ हीच संज्ञा योजिली आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर असे काम विद्यापीठांच्याही अंगवळणी पडले. तथापि एकमेकांस न दिसणाऱ्या माणसांनी मिळून एक काम पार पाडणे ही गोष्ट मुळीच नवी नव्हे. तिचे एक जुने व कसोटीस उतरलेले उदाहरण मावळ तालुक्याच्या पश्चिम कडेवर, लोणावळा-खंडाळ्याखालील बोरघाटात पाहावयास मिळते.

या घाटातील लोहमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. कर्जतहून लोणावळ्याकडे येताना सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे. वाफेची इंजिने जाऊन विजेची आली तरी डोंगर काही लवला नाही. म्हणून जड गाड्यांना कर्जत येथे मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचा चालक आणि मागचा चालक यांच्यामध्ये वीस-बावीस डबे, वळणे आणि बोगदे असतात. दोघांची दृष्टभेट होत नाही. मात्र दोघांनी एकाच क्षणी जोर लावावयाचा आणि एकाच क्षणी तो सोडावयाचा असतो. पुढच्याने ब्रेक लावला असता मागचा ढकलीतच राहिला, तर मधले डबे रुळांवरून उचलले जाण्याचा धोका असतो. गैरसमजाची किंमत येथे तत्काळ चुकवावी लागते.

या अडचणीवर योजलेला उपाय भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. गाडीची जबाबदारी पुढच्या इंजिनाच्या चालकाकडे असते, हे आधीच ठरलेले असते. घाटात त्याविषयी चर्चा संभवत नाही. परंपरेने संकेत शिट्टीचे, आणि पुढच्याने दिलेल्या शिट्टीस मागच्याने शिट्टीनेच उत्तर द्यावयाचे. आज हाती वॉकी-टॉकी आली आहे. परंतु ‘सांगणे’ आणि ‘पोहोचल्याचे कळविणे’ या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे तत्त्व तिने रद्द केलेले नाही.

स्टेशनांमधील व्यवहारही असाच. पुढील स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून गाडी त्या टप्प्यात सोडता येत नाही. जेथे यंत्राऐवजी टेलिफोनवरून आश्वासन द्यावयाचे असते, तेथे ‘प्रायव्हेट नंबर’ सांगण्याची पद्धत आहे. छापील तक्त्यावर क्रम नसलेले दोन अंकी आकडे असतात; आश्वासन देणारा त्यांतील पुढचा आकडा सांगतो, तो दोन्हीकडे नोंदला जातो आणि एकदा वापरलेला आकडा खोडला जातो. वरवर पाहता हा कारकुनी सोपस्कार वाटेल. वस्तुतः ‘हो’ या शब्दावर भरवसा न ठेवण्याची ही अत्यंत समंजस तरतूद होय. आकडा नुसत्या हुंकाराने देता येत नाही. तो देण्यासाठी माणसाला थांबावे लागते, तक्ता पाहावा लागतो आणि आपण काही तरी बांधून देत आहोत याची जाणीव ठेवावी लागते.

मराठीतील ‘हो’ या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ‘ऐकले’, ‘समजले’, ‘पटले’ आणि ‘करतो’ हे चारही अर्थ तो वाहतो. समोरासमोर असता स्वर, मान आणि डोळे यांवरून नेमका अर्थ निवडला जातो. लिखित निरोपात निवडीचे हे साधन नाहीसे होते. ‘बघू’ या शब्दाचे तर बोलूच नये. तो होकार की सौम्य नकार हे चेहरा पाहिल्यावाचून ठरत नाही. ‘आपण’ या सर्वनामाची अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘आपण हा मसुदा शुक्रवारपर्यंत तपासायचा आहे’ या वाक्यात ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचे की श्रोत्यास सामावून घेणाऱ्या प्रथम पुरुषाचे? व्याकरण दोन्हींस मुभा देते. परिणामी शुक्रवारी मसुदा तपासलेला नसतो आणि प्रत्येकाच्या मनात आपण निर्दोष असल्याची खात्री असते. ‘अहवाल पाठविला जाईल’ हा कर्मणी प्रयोगही विद्वानांस फार प्रिय. त्यात कर्ता कोठे दडला आहे हे शोधावे लागते.

हर्बर्ट क्लार्क आणि सुसान ब्रेनन यांनी १९९१ मध्ये मांडले की, ऐकणाऱ्यास अर्थ पुरेसा पोहोचला याचा पुरावा मिळेपर्यंत संभाषणातील कोणतेही योगदान पूर्ण होत नाही. आणि हा पुरावा किती सहज मिळेल हे माध्यमावर अवलंबून असते. कॅथरिन क्रॅम्टन यांनी तेरा विखुरलेल्या गटांचा अभ्यास करून २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दूरस्थ गटांच्या अडचणींचे पाच प्रकार सांगितले. मौनाचा अर्थ लावण्यातील कठीणपणा हा त्यांपैकी एक. उत्तर आले नाही याचा अर्थ संमती, नाराजी, आळस की निरोपच न पोहोचणे? पवन मावळातील एखाद्या गावी आषाढातील पावसात वीज गेलेली असते. पुण्यातील सहकाऱ्यास ते दिसत नाही, दिसते ते केवळ अनुत्तर. मग तो परिस्थितीचा दोष माणसाच्या स्वभावावर लादतो. सहकार्यात पडणारी ही भेग कोणत्याही तांत्रिक बिघाडाहून अधिक टिकाऊ असते.

आपल्याकडे मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची रीत आहे. सभेत, जेथे न बोलणाराही दिसत असतो, ती चालून जाते. घाटात नेमका उलटा नियम आहे : उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही, आणि परवानगी नाही तोवर सिग्नल धोक्यावरच. ‘कोणाची हरकत आली नाही, म्हणून मसुदा मंजूर’ अशा रीतीने चालणाऱ्या दूरस्थ संशोधन-प्रकल्पांनी या नियमाचा विचार करणे अगत्याचे आहे. गटप्रमुखाने अधिक निरोप पाठविल्याने प्रश्न सुटत नाही. उलट महत्त्वाचा निरोप गर्दीत बुडतो. कोणत्या निरोपास उत्तर अनिवार्य, ते कोणी, कोणत्या घटकेपर्यंत द्यावयाचे, आणि न आल्यास काय समजावयाचे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरविणे हेच त्याचे मुख्य कर्तव्य.

या तुलनेस मर्यादा आहे. घाटातील काम पूर्वनिश्चित असते. संशोधनात पुष्कळदा प्रश्नच निश्चित नसतो. एखाद्या बोलीतील प्रत्ययाची व्युत्पत्ती शिट्टीच्या संकेतांनी ठरावयाची नाही. तिथे सैल, लांबणारी, विषयांतर करणारी चर्चाच हवी, आणि शक्य तेव्हा ती एका खोलीत बसूनच व्हावी. काटेकोर रूप हवे ते काम एका हातातून दुसऱ्या हाती जाते त्या क्षणी : नमुने कोणी गोळा केले, लिप्यंतर कोणाकडे गेले, कोणती प्रत अंतिम. स्टेशनातील नोंदवहीत प्रत्येक निरोपाची वेळ लिहिलेली असते, ती तेथे हजर असलेल्यांसाठी नव्हे; पाळी बदलल्यावर येणाऱ्या, आधीचे काहीही न ऐकलेल्या मास्तरासाठी असते.