स्वमग्न मुलांच्या घरी गावचा रेडिओ

जून २०२०मध्ये शाळांना कुलूप होतं आणि नाशिक जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकणाऱ्या अनेक मुलांच्या घरी ऑनलाइन वर्गापुरता फोन नव्हता. तेव्हा नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’ या ९०.८ एफएमवरच्या छोट्या सामुदायिक केंद्रानं तिसरी ते दहावीचे धडे प्रसारित करायला घेतले. शिक्षक स्टुडिओत येऊन शिकवत, ते ध्वनिमुद्रित होई आणि ठरल्या वेळी घराघरांत ऐकू येई. हेच धडे राज्यातल्या इतर सामुदायिक केंद्रांनाही देण्यात आले. या उपक्रमाला २०२२मध्ये राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत स्थान मिळालं.

रेडिओवरून दहावीचा अभ्यास घेता येत असेल, तर तीन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाशी घरी कसं खेळावं, हेही सांगता येईल. ऑटिझम किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या कुटुंबांना असा आधार मिळण्याची गरज शहरांबाहेर फार मोठी आहे.

किती मोठी, याचा अंदाज एका भारतीय अभ्यासातून येतो. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी झालेल्या या पाहणीचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. २ ते ९ वयोगटात ऑटिझमचं प्रमाण ढोबळमानानं शंभरात एक निघालं. दोन लाख वस्तीच्या तालुक्यात या वयाची पंचवीस-तीस हजार मुलं धरली, तर अडीचशे-तीनशे घरांचा हा प्रश्न आहे. या मुलांसाठी काम करणारी जाणकार मंडळी मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत. मुंबईत ‘उम्मीद’सारखी संस्था २००१पासून आहे, पुण्यात ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ आहे. पण दर आठवड्याच्या थेरपीसाठी एसटीनं पुणे गाठणं माणदेशातल्या आईला झेपणारं नाही. रोजगार बुडतो, गर्दीच्या गाडीत मूल कासावीस होतं, आणि दोन-चार फेऱ्यांनंतर घरातलीच माणसं विचारू लागतात, ‘काही फरक पडतोय का?’

इथं गोव्यातला एक प्रयोग महत्त्वाचा ठरतो. ‘संगात’ ही गोव्यातली संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे सहकारी यांनी २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांबरोबर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. त्यात मुलांना शिकवायला तज्ज्ञ नव्हते. थोडक्या प्रशिक्षणानं तयार झालेले साधे आरोग्य कार्यकर्ते पालकांना भेटत. आई मुलाशी खेळताना त्याचं चित्रीकरण करत, मग तेच तिच्याबरोबर बसून बघत: इथं त्यानं तुमच्याकडे पाहिलं, इथं तुम्ही थांबलात म्हणून त्यानं हात पुढे केला. अशी बारा सत्रं झाली. पालकांचं वागणं मुलाच्या लयीशी जुळू लागलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही; दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ काही वाढला नाही. तरी एवढं दिसलं, की साध्या माणसाकडून शिकून साधी माणसं बरंच करू शकतात.

रेडिओवर चित्रीकरण दाखवता येत नाही, ही उणीव आहेच. पण त्या सत्रांतला मोठा भाग बोलून सांगण्यासारखा आहे. मुलाच्या पातळीवर खाली बसा. त्यानं जे हातात घेतलंय, त्याबद्दलच बोला. ‘गाडी’, ‘गाडी आली’ अशी छोटी वाक्यं वापरा. बोलून झालं, की मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. ही शेवटची सूचना सगळ्यात सोपी वाटते आणि पाळायला सगळ्यात अवघड जाते. अशी एकेक गोष्ट घेऊन पंधरा मिनिटं बोलायचं, ती आठवडाभर करून बघायला सांगायची आणि पुढच्या वेळी पालकांचे फोन घ्यायचे, एवढ्यानंही कार्यक्रम उभा राहतो.

अशा कामाला सामुदायिक केंद्रच का, मोठी वाहिनी का नको? याचं उत्तर केंद्राच्या लहान असण्यातच आहे. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये दिला, न्या. पी. बी. सावंत हे त्या निकालाचे एक लेखक. त्यानंतर आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६पासून स्वयंसेवी संस्था व कृषिसंस्थांनाही केंद्र काढायची मुभा मिळाली. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८मध्ये सुरू झालं. अशा केंद्राचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच पोचतो आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करणं त्याला बंधनकारक आहे.

दहा-पंधरा किलोमीटरच्या आत जे ऐकतात, त्यांतच त्या मुलाचं सगळं जग येतं. आजी, काकू, अंगणवाडी सेविका, किराणा दुकानदार, रिक्षावाला. पुण्याच्या तज्ज्ञानं आईला कानमंत्र दिला, तरी घरी आल्यावर ‘याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ म्हणणाऱ्या सासूबाईंशी तिला एकटीनंच झुंजावं लागतं. तोच मंत्र भाकऱ्या थापताना सासूबाईंच्या कानावर पडला, तर झुंज अर्धी संपते.

आईला दोष देण्याची रीत जुनी आहे आणि ती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात जागा दिली. पण त्या मुलांच्या पालकांतल्या कोरडेपणाबद्दलही त्यांनी लिहिलं. पुढे १९६७मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकानं थंड आईमुळे मूल असं होतं, ही समजूत घरोघरी नेली. वास्तविक त्याआधीच, १९६४मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी ऑटिझमचं मूळ जैविक असल्याचं मांडलं होतं; ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. थंड आईचा सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला. गावाकडे आता थंड आईच्या जागी ‘मोबाइल हातात देणारी आई’ बसवली जाते, एवढाच फरक. हे पुन्हा पुन्हा, आपल्या बोलीत आणि ओळखीच्या आवाजात खोडून काढणं कोणत्याही दवाखान्याला जमणार नाही. रेडिओला जमेल.

दुसरी निकड कागदपत्रांची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याखाली फिरती पथकं अंगणवाड्या-शाळांत मुलांची तपासणी करतात आणि पुढच्या मदतीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, म्हणजे प्रमाणपत्र मिळतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं, की त्याच्या वतीनं सही कोण करणार, हा प्रश्न उभा राहतो. कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर लिहिलेलं आहे. पण कुठल्या वारी, कुठल्या खोलीत, कोणते कागद घेऊन जायचं, ते तिथं नसतं. गावचं केंद्र नेमकं तेच सांगू शकतं.

जत्रेची मिरवणूक किती वाजता, कुठल्या रस्त्यानं जाणार, हेही सांगू शकतं. कर्कश आवाजानं हैराण होणाऱ्या मुलाच्या घरी डीजे दारात येण्याआधी अर्धा तास कळलं, तर त्याला मळ्यात घेऊन जाता येतं.

धोकेही आहेत. ऑटिझम बरा करून देतो म्हणणाऱ्यांचा बाजार तेजीत आहे, आणि चार पैशांसाठी धडपडणाऱ्या केंद्राला त्यांची जाहिरात मोहात पाडू शकते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं डिसेंबर २०२२मध्ये स्टेम सेल उपचारांची ऑटिझमसाठी शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं स्पष्ट केलं. हे केंद्राच्या भिंतीवर लावून ठेवावं. रेडिओवरून निदानही करू नये. फोनवर लक्षणं ऐकून ‘हा ऑटिझमच’ असं सांगणारा डॉक्टर असला, तरी त्याला थांबवायला हवं. मूल ऐकू न आल्यामुळे बोलत नसेल, ही शक्यता आधी तपासावी लागते.

आणि गाव लहान असल्याची दुसरी बाजू. नाव बदललं, तरी दहा किलोमीटरच्या आत आवाज ओळखला जातो. आईनं रडून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पारावर पोचते, आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्या मुलाला कुणी विचारलेलंही नसतं. त्यापेक्षा तीन-चार कुटुंबांचे अनुभव एकत्र करून श्रुतिका लिहावी आणि गावातल्या नाटकवेड्या पोरांकडून करून घ्यावी. माणूस झाकला जातो, मुद्दा पोचतो.

स्वमग्न माणसांना स्वतःला माइक द्यायला मात्र विसरू नये. २०१८मध्ये बीबीसीनं ‘१८०० सेकंड्स ऑन ऑटिझम’ हा पॉडकास्ट काढला. रॉबिन स्टीवर्ड आणि जेमी नाइट हे सूत्रसंचालक दोघंही स्वमग्न; जेमीबरोबर त्याचा चार फुटी कापडी सिंह असे. गर्दीत काय होतं, नजर का चुकवावीशी वाटते, हे ते स्वतः सांगतात तेव्हा ते तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा लवकर कळतं. आपल्याकडेही मोठ्या झालेल्या, बोलू शकणाऱ्या स्वमग्न तरुणांना केंद्रात बोलवावं. प्रश्न आधी लिहून द्यावेत, दिवे आणि आवाज कमी ठेवावेत, आणि कुणी मधेच गप्प झालं तर घाई करू नये.

एरवी २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, कुणीतरी डॉक्टर येतात, मुलाखत होते आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. त्यातून फारसं काही साधत नाही. पालकांच्या गटांनी जवळच्या केंद्राकडे जाऊन आठवड्यातला ठरावीक वाराचा, ठरावीक वेळेचा अर्धा तास मागावा. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांकडूनच करून घ्यायचे आहेत, त्यामुळे अशी माणसं केंद्राला हवीच असतात. जाताना पहिल्या चार भागांचे विषय लिहून न्यावेत.