घराण्यातले व्यसन आणि नातवंडांचा मेंदू

दवाखान्यात कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास विचारताना एक गोष्ट हमखास आढळते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांविषयी घरातील ज्येष्ठ मंडळी मोकळेपणाने बोलतात. कोणाला कितव्या वर्षी झटका आला, कोणाच्या पायाचा अंगठा काढावा लागला, हे सालासकट सांगतात. परंतु ‘घराण्यात कोणाला दारूचे व्यसन होते का?’ असे विचारले की क्षणभर शांतता पसरते आणि मग ‘छे, तसे काही नाही,’ असे उत्तर येते. पुढे बोलता बोलता कळते की मुलाचे आजोबा ऐन पंचेचाळिशीत ‘काविळीने’ गेले आणि एक चुलत आजोबा ‘नोकरी सोडून कुठेतरी निघून गेले’. काविळीची कारणे अनेक असतात हे खरे. पण पोटात पाणी होऊन, रक्ताच्या उलट्या होऊन गेलेल्या कितीतरी माणसांच्या यकृताची कथा घरच्यांनी या एका शब्दाखाली झाकून ठेवलेली असते.

हे झाकणे समजण्यासारखे आहे. गेलेल्या माणसाची निंदा नको, सोयरिकीत अडचण नको, व्याह्यांच्या कानावर जायला नको. परंतु त्या घरात आज तेरा-चौदा वर्षांचे नातवंड असेल, तर ही माहिती त्याच्या हक्काची आहे. मधुमेहाचा प्रश्न त्याच्यासमोर बहुधा चाळिशीत उभा राहील. व्यसनाचा प्रश्न येत्या दोन-चार वर्षांतच उभा राहणार आहे.

व्यसन रक्तातून येते की घरातले पाहून लागते, हा वाद जुना आहे. रक्त आणि घर ही दोन्ही सहसा एकाच ठिकाणी असल्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा मांडणे अवघड. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी उत्तम ठेवलेल्या होत्या. डोनाल्ड गुडविन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा आधार घेऊन १९७३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतर काही आठवड्यांतच परक्या घरी वाढायला गेलेले ५५ पुरुष त्यांनी निवडले. या प्रत्येकाच्या जन्मदात्यांपैकी एकाला मद्यासक्तीचा आजार होता. तुलनेसाठी, जन्मदात्यांना असा आजार नसलेले ७८ दत्तक पुरुष घेतले. पहिल्या गटात १० जण मद्यासक्त निघाले, दुसऱ्या गटात ४. म्हणजे ज्या बापाचे तोंडही पाहिले नाही, त्याच्या आजाराचा धोका मुलात सुमारे चौपट प्रमाणात उतरला होता.

हेच आकडे मी नेहमी उलट बाजूनेही वाचतो. त्या ५५ जणांपैकी ४५ जण मद्यासक्त झाले नाहीत. वारसा होता, तरीही.

त्यानंतर जुळ्या भावंडांवर झालेल्या अनेक अभ्यासांतून मद्यासक्तीतील आनुवंशिक वाटा साधारण निम्मा असल्याचे दिसले आहे. या ‘निम्म्या’चा अर्थ नीट घ्यायला हवा. ‘आजोबा पीत होते, म्हणून नातू पिणार याची शक्यता पन्नास टक्के’, असा तो मुळीच नाही. समाजात कोणाला व्यसन लागते, कोणाला लागत नाही. माणसामाणसांतील या फरकाचा सुमारे अर्धा भाग जनुकांमुळे आणि उरलेला परिस्थितीमुळे, एवढेच ते सांगते. शिवाय ‘दारूचे जनुक’ असे एकच एक काही नसते. २०१९ साली सुमारे बारा लाख लोकांच्या माहितीवरून झालेल्या एका पाहणीत तंबाखू आणि मद्य यांच्या सवयींशी निगडित अशी चारशेहून अधिक ठिकाणे जनुकसंचात सापडली. प्रत्येकाचा परिणाम अगदी चिमूटभर. तेव्हा ‘नातवाची डीएनए तपासणी करून घेऊ का?’ असे विचारणाऱ्यांना मी ते पैसे वाचवायला सांगतो. आजच्या घडीला त्या तपासणीपेक्षा घरातल्या आजीची स्मरणशक्ती अधिक उपयोगी आहे, फक्त आजीने बोलायला हवे.

हा वारसा शरीरात राहतो कुठे? काही अंशी यकृतात, कारण मद्याचे विघटन तिथे होते. पण मुख्यतः मेंदूत. मुलाचा मेंदू सहाव्या वर्षापर्यंत आकाराने जवळजवळ प्रौढाइतका होतो, परंतु त्याची आतली जुळवाजुळव विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. वापरात नसलेल्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातील तंतूंवर विजेच्या तारेवर असावे तसे आवरण चढते. आणि हे काम साधारणपणे मागून पुढे सरकते. कपाळामागचा भाग, म्हणजे परिणामांचा विचार करणारा, ‘थांब’ म्हणणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, सर्वांत शेवटी तयार होतो. मेंदूच्या खोल भागातील सुखाची केंद्रे मात्र पौगंडावस्थेतच जोमाने कामाला लागलेली असतात. १९५४ साली मॉन्ट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतील अशा काही भागांत तार बसवली आणि कळ दाबली की तिथे विजेचा सौम्य झटका मिळेल अशी सोय केली. उंदीर तासाला शेकडो वेळा ती कळ दाबत राहिले. तंबाखू, दारू, गांजा यांची धाव याच मार्गावर असते. न्यूक्लियस अकम्बन्स हे त्यातले एक प्रमुख ठाणे, आणि डोपामिन हा तिथला निरोप्या. त्याच परिसरात बदामाच्या आकाराचा अ‍ॅमिग्डाला असतो. भीती, राग, अस्वस्थता यांचा तो पहारेकरी.

ही रचना सर्वच मुलांत असते. मग व्यसनी घराण्यातील मुलांत वेगळे काय? न्यूयॉर्कच्या हेन्री बेग्लायटर यांनी १९८४ साली सात ते तेरा वर्षांच्या, दारूचा थेंबही न चाखलेल्या मुलांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या. मद्यासक्त वडिलांच्या मुलांमध्ये एका विशिष्ट लहरीची उंची कमी आढळली. अनपेक्षित गोष्टीची दखल घेताना मेंदूत उमटणारी ही लहर आहे. पुढे पिट्सबर्गमधील शर्ली हिल यांच्या गटाला अशा घराण्यांतील किशोरांत उजवा अ‍ॅमिग्डाला सरासरीने लहान दिसला. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी अजून मद्याला न शिवलेल्या, पण घराण्यात दाट मद्यासक्ती असलेल्या मुलांचे एमआरआय केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही कपाळामागचे काही भाग आणि अ‍ॅमिग्डाला यांचे आकारमान कमी आढळले. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या हजारो मुलांपासून सुरू झालेल्या एका दीर्घकालीन पाहणीचा २०२४ सालचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. पंधराव्या वर्षाच्या आत नशेचा पदार्थ चाखणाऱ्या मुलांच्या मेंदूरचनेतील अनेक फरक त्यांनी तो चाखण्यापूर्वीच तिथे होते.

हे सारे फरक गटागटांतील सरासरीचे आहेत. एकट्या मुलाचा एमआरआय पाहून ‘हा पुढे पिणार’ असे कोणताही तज्ज्ञ सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर त्या दारी पुन्हा जाऊ नये.

आता एका लक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचे आपल्याकडे कौतुक होते. ‘त्याला कितीही द्या, चढत नाही.’ लग्नाच्या आदल्या रात्री, सहलीत, मित्रमंडळींत हे वाक्य शाबासकीच्या सुरात म्हटले जाते. सॅन दिएगोचे मार्क शुकिट यांनी तरुण पुरुषांना मोजून मद्य दिले आणि त्यांना किती झिंग जाणवते ते नोंदवले. मद्यासक्त वडिलांच्या मुलांना सरासरीने ती कमी जाणवली. सुमारे दहा वर्षांनी त्यांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा ज्यांना सुरुवातीला कमी चढत होती त्यांच्यातच मद्यासक्तीचे प्रमाण अधिक निघाले. याचे कारण सरळ आहे. इतरांना दोन पेल्यांनंतर शरीर ‘पुरे’ सांगते. याला ते सांगतच नाही, म्हणून तो चौथ्या-पाचव्यापर्यंत जातो आणि मेंदूला तेवढ्याची सवय होते. ‘आमच्या घराण्यात सगळे पचवतात,’ असे कोणी अभिमानाने सांगितले की मी ते कागदावर धोक्याच्या रकान्यात लिहितो.

मुलांना वाचवण्याची सर्वांत मोठी संधी आहे ती पहिला घोट, पहिली पुडी लांबवण्यात. अमेरिकेतील १९९७ सालच्या एका मोठ्या पाहणीत, पंधराव्या वर्षापूर्वी पिण्यास सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी मद्यावर अवलंबून झाल्याचे दिसले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. हा सगळा फरक वयामुळेच पडतो असे मी म्हणणार नाही. मुळातच उतावीळ स्वभावाची मुले लवकर सुरुवात करतात, हाही त्यातला भाग आहे. तरीही ‘थांब’ म्हणणारा भाग तयार होईपर्यंत वाट पाहण्यात तोटा कसलाच नाही.

इथे आजी-आजोबांचे स्थान मोठे आहे. फिनलंडमधील जुळ्या किशोरांच्या अभ्यासात, धूम्रपानातील जनुकांचा प्रभाव घरातील देखरेखीनुसार बदलताना दिसला. मूल कुठे जाते, कोणाबरोबर असते, हे घरच्यांना ठाऊक होते तिथे तो कमी; देखरेख सैल होती तिथे जास्त. आईवडील दोघेही नोकरीवर असतात, तेव्हा दुपारी चार ते सात या वेळेत घरी कोण असते? शाळेतून आलेल्या मुलाला खायला देताना ‘आज कोणाबरोबर आलास?’ एवढे विचारणे ही देखरेखच आहे. त्याला चौकशी समितीचे रूप मात्र येऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण बोललीच पाहिजे. पुष्कळ घरांत मुलांना तंबाखूची पहिली ओळख आजोबांच्या चंचीतून आणि आजीच्या मशेरीच्या डबीतून होते. ‘दात दुखतोय ना, लाव थोडी,’ असे म्हणून नातीच्या बोटावर मशेरी ठेवणारी आजी मायेनेच ते करते. ती तंबाखूच आहे, आणि निकोटीन मायेतून आले म्हणून सौम्य होत नाही. नातवाला टपरीवरून पुडी आणायला पाठवणेही बंद करावे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे; मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. सत्तराव्या वर्षी तुमची स्वतःची तंबाखू सुटणे कठीण वाटत असेल, तर प्रयत्न जरूर करा, डॉक्टरांची मदत घ्या. तोपर्यंत निदान ‘मला हे लहानपणी लागले आणि अजून सुटत नाही’ असे नातवंडाला खरे सांगा.

घराण्याची गोष्ट केव्हा सांगावी? माझ्या मते बाराव्या-तेराव्या वर्षी, निवांतपणी, दोघेच असताना. रागाच्या भरात, ‘तूही आजोबांवरच जाणार’ अशा शब्दांत कधीच नाही. तो शाप होतो, माहिती उरत नाही. साध्या शब्दांत असे म्हणता येते: ‘तुझे आजोबा फार हुशार होते, माझ्यावर त्यांचा जीव होता. पण त्यांना दारूचा आजार होता आणि त्यानेच ते गेले. आपल्या घराण्यात हा आजार आहे. मित्रांना एखाद्या वेळी चालून जाईल, ते तुला चालेलच असे नाही. म्हणून तू उशिरापर्यंत लांब राहा, जमले तर कायमच.’ यात गेलेल्या माणसाची निंदा नाही. हेच मुलाच्या आईवडिलांशी आधी बोलून घ्यावे, विशेषतः सुनेला किंवा जावयाला ठाऊक नसेल तर.

मुलात बदल दिसला, म्हणजे मित्र अचानक बदलले, झोपेचे तंत्र बिघडले, पैसे कमी पडू लागले, डोळे लाल किंवा बोलणे तुटक झाले, तर आधी बोलावे, मग डॉक्टरांकडे आणावे. त्याला व्यसनच कारण असेल असे नाही. नैराश्य किंवा शाळेतला छळही असू शकतो. फोनवर सल्ला हवा असल्यास १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या, १९८६ पासून काम करणाऱ्या केंद्रात घरच्यांनाही मार्गदर्शन मिळते.

आणि आपल्या उशाशी असलेली औषधे. झोपेच्या गोळ्या, चिंतेसाठीच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या या किशोरांच्या हाती बहुधा घरातूनच लागतात. त्या कुलपात ठेवाव्यात, पाकिटावर उरलेल्या गोळ्यांची संख्या पेनाने लिहावी आणि दर रविवारी ती पडताळून पाहावी.