दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत



संगणकांच्या साठवणुकीवर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असे मघाशी दारातच एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटवर, कामगारांच्या तोंडून. हा विषयही असाच गळ्यात पडला. आमच्या युनियनच्या एका कारखान्यात पावसाळ्यातल्या एका रात्री संगणकाच्या खोलीत पाणी शिरले. हजेरी, ओव्हरटाइम, पगार, सगळे त्या यंत्रांत. दुसऱ्या शहरात त्याची प्रत ठेवलेली होती. दोन वर्षे तिचे भाडे भरले जात होते. ती चालू केली, यंत्रे उठली, पण पगाराचा हिशेब काही उघडेना. पगार नऊ दिवस लांबला, आणि मेमो मिळाला तो त्या रात्री पाळीवर असलेल्या कंत्राटी मुलाला. त्याची केस लढवायची म्हणून आम्ही हे सारे समजून घेतले.

पूर्वी एका कामाला एक संगणक असे. आता एका मोठ्या यंत्रात चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे दहा-वीस संगणक नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. असा संगणक म्हणजे अखेर काही फायली, आणि त्या फायली यंत्रात नसतात. शेजारी डिस्कांनी भरलेले एक कपाट असते, त्यात असतात. ते कपाट म्हणजे स्टोरेज अ‍ॅरे. त्यातल्या जागेचे कप्पे पाडून ते यंत्रांना वाटून देतात. फायली दुसऱ्या गावी पोचल्या की तेथील यंत्रावर तेच बिऱ्हाड पुन्हा मांडता येते. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात सतत प्रत जात राहणे, यास रेप्लिकेशन म्हणतात.

येथे एक गोम आहे. हे कपाट कप्पा ओळखते, बिऱ्हाड ओळखत नाही. एका कप्प्यात पगाराचा संगणक आणि कोणाचा तरी जुना सटरफटर संगणक असे एकत्र ठेवले, तर दोघेही पलीकडे जातात आणि तार फुकट भरते. उलट पगाराच्या संगणकाची एक डिस्क या कप्प्यात आणि दुसरी त्या कप्प्यात असेल, तर दोन्ही एकाच क्षणाच्या पोचल्या पाहिजेत. आपल्यापैकी कोणी पतपेढीचे हिशेब लिहिले असतील, तर त्यांस हे चटकन पटेल. रोजकीर्द दुपारची आणि खतावणी सकाळची हाती आली तर ताळा कसा बसणार? म्हणून अशा कप्प्यांचा एक गट बांधावा लागतो, कन्सिस्टन्सी ग्रुप. गट बांधला की सगळे कप्पे एकाच क्षणाला गोठवून पाठवले जातात. आमच्या कारखान्यात हिशेबाच्या दोन डिस्का दोन निरनिराळ्या गटांत होत्या. पडद्यावर दोन्हीपुढे हिरवा दिवा होता.

आता अंतराचा सौदा. प्रत दोन तऱ्हांनी जाते. पहिल्या तऱ्हेत पलीकडून ‘पोचले’ असे उत्तर आल्याखेरीज इकडची नोंद पुरी मानत नाहीत. यात नोंद गमावत नाही, पण प्रत्येक नोंदीला वाट पाहावी लागते. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. शंभर किलोमीटरच्या जाण्यायेण्यास एक हजारांश सेकंद लागतो. थोडे वाटेल, पण सेकंदाला हजारो नोंदी करणाऱ्या यंत्राला ते जाणवते. म्हणून ही तऱ्हा साधारण शंभर किलोमीटरच्या आतच वापरतात. दुसऱ्या तऱ्हेत इकडचे काम पुढे जाते आणि प्रत मागून काही सेकंदांनी वा मिनिटांनी पोचते. अंतर हवे तेवढे ठेवा, पण आपत्तीच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी गेल्या. किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर चालतील, हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवणे इंजिनियरचे काम नव्हे. ज्याचा हिशेब, त्याचे.

पहिल्या तऱ्हेतही एक प्रश्न उरतोच. तार तुटली तर मूळ यंत्राने थांबावे की प्रतीवाचून पुढे जावे? हे मांडणी करतानाच सांगून ठेवायचे असते, आणि सांगितले तसे खरोखर घडते का तेही पाहायचे असते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. मुख्य केंद्र आणि शहरातलेच जवळचे केंद्र यांना जोडणाऱ्या तारा रस्त्याच्या खोदकामाने बिघडल्या होत्या. त्याने फक्त प्रत थांबायला हवी होती. पण मुख्य साठवणयंत्रणाच प्रतिसाद देईनाशी झाली. संरक्षणासाठी बांधलेली व्यवस्थाच पायात अडकली! चेन्नईला लांबचे केंद्र होते, तिकडे कारभार हलवला गेला नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने दंडक घातला: ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा, ४५ मिनिटांत काम सुरू करा, १५ मिनिटांपलीकडच्या नोंदी गमावू नका. २ मार्च २०२४ च्या शनिवारी दोन्ही शेअर बाजारांनी खास सत्र भरवून पहिला भाग मुख्य केंद्रातून आणि दुसरा पर्यायी केंद्रातून चालवला.

अशी तालीम लहान कारखान्यालाही परवडते. प्रत पुढे चालू ठेवूनच तिचे क्षणचित्र काढायचे आणि त्यावर संगणक उठवायचे, मात्र बाहेरच्या जाळ्यापासून तोडून. नाहीतर एकाच नावाचे दोन संगणक एकाच वेळी बोलू लागतील. उठवण्याचा क्रम लिहून ठेवायचा: आधी नावे-पत्ते सांगणारा, मग हिशेबाचा, मग पडदे दाखवणारा. पलीकडे पत्ते बदलत असतील तर तेही लिहायचे. हा सगळा क्रम आपोआप चालवणारी साधने आहेत. व्हीएमवेअरचे, पूर्वी साइट रिकव्हरी मॅनेजर या नावाने ओळखले जाणारे साधन हे त्यांतले एक. एक गोष्ट मात्र नुसत्या रेप्लिकेशनने साधत नाही. इकडे कोणी चुकून फाईल पुसली, किंवा खंडणीखोरांनी तिला कुलूप घातले, तर पुसलेली आणि कुलूपबंद फाईलच पलीकडे इमानाने पोचते. त्यासाठी जुन्या तारखांची निराळी बॅकअप हवीच.

आणि ‘आता हलवा’ हे कोणी म्हणायचे? त्या मुलाने आम्हांस सांगितले, “भाऊ, मी रात्री दोनला तिघांना फोन केले. तिघेही म्हणाले, वरून विचारून सांगतो.” चौकशीत आम्ही दोनच कागद मागितले: शेवटच्या तालमीची नोंद, आणि असा हुकूम देण्याचा अधिकार कोणाकडे, याचे पत्र. दोन्ही नव्हते. मेमो मागे घेतला गेला.

आता तेथे दर तीन महिन्यांनी एका रविवारी तालीम होते, ओव्हरटाइम देऊन. पहिल्याच तालमीत पगाराचा हिशेब उघडला, पण गेटवरचे हजेरीयंत्र अजून जुन्याच पत्त्यावर नोंदी पाठवीत होते. ते दुरुस्त करायला दुपारचे चार वाजले.